मासळीच्या पाण्यात कुजलेली गाडी

मला किळस फार लवकर येते. पालघरजवळच्या माहीमला आमच्या वाडीत शेणखताच्या खड्ड्यातून नारळाच्या भुंग्याच्या पांढऱ्या, लठ्ठ अळ्या निघायच्या. मोठा भाऊ त्या हाताने वेचून डब्यात टाकायचा आणि मी लांब उभा राहून थुंकायचो. यावरून घरात माझी भरपूर थट्टा झाली. अशा माणसाला जुन्या मोटारसायकली दुरुस्त करायचा छंद लागावा, हे घरच्यांना अजून पटलेलं नाही. लोकांना वाटतं, या छंदात चकचकीत टाकी असते, आरशासारखा सायलेन्सर असतो आणि रविवारी सकाळी केळव्यापर्यंत फेरी असते. तेही असतं. पण त्याआधी कित्येक महिने परक्या माणसाची घाण खरवडावी लागते.

माझा जीव आहे जपानी टू-स्ट्रोकवर. अंगाने सडपातळ, आवाजाला तिखट, आणि एक किक मारली की मागे निळसर धुराचा झुबका. एके काळी आमच्या भागात चिकूचं पीक बरं आलं की घरातल्या तरुण मुलाला हीच गाडी हवी असायची. आता या गाड्यांना पुन्हा भाव आलाय आणि त्याबरोबर जे काही आलंय ते बघवत नाही. पालघरमध्ये एकाने उत्तम, अस्सल अवस्थेतल्या गाडीची चासी, म्हणजे अख्खा सांगाडाच, कापून तिला ट्रॅक्टरला शोभेल असा मागचा टायर लावला. टाकीवर कवटी रंगवली. सायलेन्सरमधली जाळी काढून टाकली आणि संध्याकाळी स्टेशनच्या रस्त्यावर म्हाताऱ्या माणसांना दचकवत, मोबाइलवर स्वतःचेच व्हिडिओ काढत फिरायला लागला. मला दाखवायला तो गाडी घेऊन आला तेव्हा मी चहा न देता त्याला परत पाठवलं. त्यापेक्षा गंजलेली, कुजलेली गाडी परवडली, असं मी तेव्हा बायकोला म्हणालो होतो. बोलून गेलो.

मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात मेंटेनन्स बघतो. राहायला बोईसरला. सुट्टीच्या दिवशी माहीमच्या वाडीत जायचं आणि सुपाऱ्या ठेवायच्या जुन्या पडवीत गाड्यांची कामं करायची, असा माझा नेम. आमच्याकडे एक फिटर आहे, चिंचणीच्या कोळीवाड्यातला. एकदा डबा खाताना तो म्हणाला, "साहेब, आमच्या आळीत एका काकीच्या दारात तुमच्यासारखी गाडी हाय. बोंबलाच्या मांडवाखाली. किती वर्सं पडलीय कोन जाने."

"विकतील का?"

"विचारून बघा. पन काकीच्या तोंडाला लागू नका."

रविवारी मी चिंचणीला गेलो. समुद्राच्या बाजूला, घरासमोरच्या मोकळ्या वाळूत बांबूचे मांडव होते आणि त्यांवर बोंबील जबड्यात जबडा अडकवून वाळत घातलेले होते. खाली पसरलेल्या जाळ्यावर जवळा. माश्या. एका दगडी डोणीपाशी सत्तरीच्या आसपासची बाई लुगड्याचा काष्टा मारून मासळी धुवत बसली होती. तिच्या उजव्या हाताला, चार पावलांवर, ती गाडी होती. आधी मला ती ओळखूच आली नाही. सीटचा स्पंज माशांच्या खवल्यांनी भरून कडक झाला होता. मागच्या मडगार्डची डावी कड हात लावताच कागदासारखी चुरली. पण टाकीचा आकार आणि इंजिनाच्या पात्यांची ठेवण बघून मला कळलं, ही पहिल्या खेपेची गाडी आहे. अशी मिळत नाही.

"काकी, ही गाडी कोणाची?"

तिने मान वर केली नाही. "पायजे तुला?"

"हो. म्हणजे, काय घ्याल ते..."

"काय नको. घान हाय ती. ने उचलून." मग तिने ओले हात झटकले आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "पन एकदा नेलीस की परत इकडं आनायची नाय. भंगारात घाल, समुद्रात घाल. माझ्या दारात नाय."

मी लगेच हो म्हटलं. असा सौदा कोण सोडतो?

टेम्पोवाल्याने गाडी चढवताना नाकाला रुमाल बांधला आणि माहीमला उतरवल्यावर हौद्यात तीन बादल्या पाणी ओतून घेतलं. बायको त्या दिवशी वाडीवरच होती. तिने पडवीच्या दारातूनच सांगितलं, "अहो, हिला घराच्या मागे न्या. वाऱ्याच्या खालच्या अंगाला." आम्ही मासळी खाणारी माणसं. सुका बोंबील भाजला की मी दोन भाकऱ्या जास्त खातो. पण हा वास तो नव्हता. हा खूप दिवस झाकून ठेवलेल्या, आतल्या आत आंबलेल्या पाण्याचा वास होता आणि तो लोखंडातून येत होता.

हेडलाइट उघडला तर आत एक मेलेला खेकडा, वाळून काचेला चिकटलेला. एअर फिल्टरच्या डब्यात खवले, काटे आणि अळ्यांची रिकामी टरफलं यांचा एक गच्च गोळा. तो मी काडीने कोरून काढला, कारण हात घालवेना. टाकीत पेट्रोल असं नव्हतंच. तळाशी काकवीसारखा एक काळपट थर होता आणि त्याचा भपकारा असा, की मी टाकी तिथेच ठेवून माडाच्या बुंध्याशी जाऊन ओकलो. सगळ्यात वाईट चासीची नळी निघाली. खाली एक भोक पाडलं तर तिच्यातून काळं पाणी सुटलं. थेंब नव्हे, धार. नळीच्या पोटात इतकी वर्षं ते पाणी साठून राहिलं होतं. माझ्या हातावर उडालं ते मी साबणाने धुतलं, लिंबाने चोळलं, कारखान्यातून आणलेल्या हँडवॉशने घासलं आणि रात्री भात कालवताना पुन्हा त्याच बोटांना तोच वास. मी ताटावरून उठलो. नंतर काही आठवडे मी चमच्याने जेवत होतो.

तरीही मी काम सोडलं नाही. का सोडलं नाही, ते नेमकं सांगता येणार नाही. पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून बसला होता. डिझेल ओतून, गरम करून, लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीने ठोकत ठोकत तो निघाला. सिलिंडर बोअर करून आणला, पिस्टन मोठ्या मापाचा बसवला. टाकी आतून व्हिनेगरने, मग खडे घालून हलवून हलवून साफ केली. चाकांच्या आऱ्या सगळ्या नव्या. डावी बाजू जवळजवळ पूर्ण बदलावी लागली. उजवी मात्र पुष्कळ चांगली होती, अगदी मूळ रंग शाबूत. हे मला कळत नव्हतं. समुद्राचा खारा वारा गाडी खातो तेव्हा दोन्हीकडून खातो. एकच बाजू अशी का खाल्ली गेली?

गाडी सुरू झाली तो दिवस चांगला होता. तिसऱ्या किकेला तिने धूर सोडला, मग आवाज धरला. भाऊ वाडीतून पळत आला. बायकोनेही कौतुक केलं, लांबून. पण रस्त्यावर काढायची तर कागद हवेत आणि कागदाचं मी आधी विचारलंच नव्हतं. तेव्हा पुन्हा चिंचणी, या वेळी माझ्या स्कूटरवरून.

काकी जाळ्यावर जवळा परतत होती. मी कागदाचं बोलल्यावर म्हणाली, "माझ्याकडं कसले कागद? त्याच्या नावावर हाय. नवऱ्याच्या."

"ते... नाहीत का आता?"

"हाय की. मेला नाय. बेटेगावला हाय, दुसरीकडं." दुसरीकडं म्हणजे दुसऱ्या घरी, हे मला कळायला एक क्षण लागला. "गाडी बंद पडली तवा हितंच टाकली नि एस्टीनं गेला. नंतर येतो न्यायला, बोलला."

"मग आले नाहीत?"

"आलता एकदा." ती हसली. तोंडात पुढचे दात नव्हते. "तवर मी तिला पानी घालायला लागलेली. मासळी धुतली का तपेलं तिच्यावर. रोज. पानी कुठंतरी वतायचं व्हतंच ना! आला, वास घेतला नि तसाच पळाला."

मी डोणीकडे पाहिलं आणि गाडी उभी होती त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. डोणीपाशी बसल्या बसल्या हात फिरवला की पाणी थेट डाव्या बाजूवर. मी ज्या घाणीपायी ताटावरून उठत होतो ती अशी रोज, मापाने, घातलेली होती. मला हसूही आलं आणि नकळत मी बोटं पँटला पुसली.

बेटेगावात पत्ता सापडायला वेळ लागला नाही. मागे एका रांगेत भाड्याच्या खोल्या, त्यांत कारखान्यांतले कामगार, आणि पुढे मालकाच्या ओटीवर खाटेवर बसलेला तो. केस काळेभोर रंगवलेले, त्यांवर सुगंधी तेल इतकं की कपाळावर ओघळ आलेला. खाटेखाली रंगाचा जुना डबा होता आणि बोलता बोलता तो वाकून त्यात गुटखा थुंकायचा. डबा अर्धा भरलेला होता. मी शक्य तितका कडेला बसलो. ज्या बाईसाठी तो इथे आला होता ती वारली होती. आतून घरातली सून पाणी घेऊन आली, तर त्याने तिच्याकडे न बघता तांब्या हातातून ओढून घेतला.

मी गाडीचं आणि कागदांचं सांगितलं. त्याचे डोळे लकाकले.

"चालू झाली? खरं सांगता, साहेब? अहो, काय जपली व्हती मी तिला! रोज पुसायचो. चिंध्यांनी नाय हां, मऊ कापड लागायचं. बायकोचं एक जरीचं लुगडं व्हतं लग्नातलं, तेच फाडलं. त्याच्यासारखं पुसायला दुसरं कापड नाय." तो खदखदून हसला. हसताना लाल थुंकी हनुवटीवर आली, ती त्याने मनगटाने पुसली. "मग तिनं सूड घेतला माझ्या गाडीवर. वेडी बाई. मी काय उगाच गेलो का घरातून? साहेब, तुमी तर वाडीवाले, तुमाला कळंल. तिच्या अंगाला मासळीचा वास. डोक्याला वास, हाताला वास, अंथरुनाला वास. बाजूला झोपायची किळस यायची मला."

तो कोळ्याचा मुलगा होता. होडीवर वाढलेला. ज्या गाडीबद्दल तो बोलत होता ती तिनेच वाळवलेल्या, टोपलीत घालून बाजारात नेलेल्या बोंबलांच्या पैशावर आली होती. फिटरने नंतर सांगितलं म्हणून नव्हे, त्या ओटीवरच मला ते कळलं होतं. माझ्या हातात पाण्याचा पेला होता. त्याच्याच तांब्यातून ओतलेला. मला तो तोंडाला लावता येईना आणि खाली ठेवायलाही जागा नव्हती.

"कागद देतो, सही करतो," तो म्हणाला. "पन गाडी आना. मला एक चक्कर मारू द्या. मग जिथं सांगाल तिथं सही."

पुढच्या रविवारी मी धोका पत्करून, कागदांशिवायच, गाडी माहीमहून पालघरमार्गे बेटेगावला नेली. ट्रान्सफरचे फॉर्म खिशात. तो तयारच होता, पांढरी पँट, पांढरे सँडल. टाकीवरून त्याने हात फिरवला तेव्हा तेलाचा पट्टा उमटला. मी म्हटलं, मी मागे बसतो, नाक्यापर्यंत जाऊन वळू. तो हो म्हणाला. चालवायला तो पक्का होता, हे मान्य करायला हवं. क्लच धरला न धरला इतक्या हलक्या हाताने त्याने गाडी काढली. पण नाका आला, गेला, बोईसर आलं, आणि तो वळेना.

"काका, कुठे?"

"चिंचणीला," तो वाऱ्यात ओरडला. "दाखवतो तिला!"

"काका, तिथे नको! मी शब्द दिलाय!"

त्याने ऐकलं नाही. औद्योगिक वसाहतीच्या रस्त्याला लागलो. तिथला तो कुजक्या अंड्यांचा वास, कडेच्या नाल्यातलं हिरवट पिवळं पाणी, त्यावरचा फेस. रोजचं आहे, मला एरवी जाणवतही नाही. त्या दिवशी सगळं जाणवत होतं. भर वेगात त्याने मान वळवून पिंक टाकली आणि ती वाऱ्याने मागे आली. माझ्या गालावर, शर्टाच्या कॉलरवर, ओठाच्या कोपऱ्यावर. मी ओठ घट्ट मिटून बसलो. पुसायला हात सोडवेना, कारण तो खड्डे चुकवत नव्हता. डोळ्यांतून पाणी आलं. या माणसाच्या पाठीला धरून बसलोय ते एका सहीसाठी, एवढंच मनात फिरत होतं.

काकीच्या अंगणात त्या वेळी तिच्याबरोबर आणखी दोघी तिघी बायका बोंबील निवडत बसल्या होत्या. त्याने गाडी थेट मांडवाखाली घातली. बंद केली नाही. हॉर्न वाजवला, मग ॲक्सिलरेटर पिळला. निळा धूर मांडवाखाली कोंडला.

"वळखलं का?" तो ओरडला. "बघ! नवी झाली!"

काकी उठली नाही. तिने पदर नाकाला लावला. तिचं बघून दुसऱ्या बायकांनीही पदर लावले.

"बंद कर ती," ती पदरातून म्हणाली. "माझ्या बोंबलांना धुराचा वास लागंल."

"अगं, बघ तरी! तू एवढं पानी घातलंस, काय झालं? हां? काय वाकडं झालं हिचं?" आणि त्याने पुन्हा पिळला.

"शी, काय घान वास," त्या बायकांतली एक म्हणाली. दुसरीने हाताने वारा घेतला. त्यांच्यातली कोणीही त्याच्याकडे बघत नव्हती. त्या वर मांडवाकडे, मासळीकडे बघत होत्या. काकी उठली, खवल्यांनी भरलेल्या बोटांनी चावी फिरवली, काढली आणि माझ्या हातात दिली. आवाज एकदम थांबल्यावर समुद्र ऐकू आला.

"तुला बोललेली ना मी?" ती मला म्हणाली.

"काकी, मी यांना नको म्हणत होतो..."

"ढकलत न्या. रस्त्यावर जाऊन काय पेटवायची ती पेटवा." मग ती पुन्हा जाऊन बसली आणि बोंबील हातात घेऊन त्याला नाक लावून हुंगलं. नवऱ्याशी ती त्यानंतर एक अक्षरही बोलली नाही. बायका आपसात काहीतरी बोलून हसल्या. कशावर हसल्या ते आम्हाला समजलं नाही आणि ते त्याला फार लागलं असावं.

मी हँडल धरलं, तो मागून ढकलायला लागला. वाळूत गाडी रुतते. डोणीचं पाणी जिथून वाहत होतं तिथून जावं लागलं आणि त्याचे पांढरे सँडल त्यात भरले. तो धापा टाकत होता. एरवी मी म्हाताऱ्या माणसाला म्हटलं असतं, काका, राहू द्या, मी बघतो. तेव्हा म्हटलं नाही.

डांबरी रस्त्यावर आल्यावर मी फॉर्म काढून सीटवर ठेवले. त्याने सह्या केल्या, जिथे जिथे बोट दाखवलं तिथे. मग पेन परत करताना हात नाकाशी नेला आणि तोंड वाकडं केलं. "बघितलंत ना साहेब? अजून तसंच. सगळं आंगन वास मारतंय. मी म्हनून इतकी वर्सं काढली तिच्याजवळ."

मी फॉर्म घडी करून खिशात घातले. त्याने मागच्या सीटकडे हात नेला.

"तुम्हाला इथून रिक्षा मिळेल," मी म्हटलं. "बोईसरपर्यंत सीटवर जाणारी शेअर रिक्षा असते. तिथून बेटेगावची."

"अहो, पन साहेब..."

मी किक मारली. पहिल्याच किकेला लागली. आरशात तो काही वेळ दिसत राहिला, एक पाय उचलून सँडलमधलं पाणी झटकताना.

घरी येऊन मी आधी आंघोळ केली, मग गाडी धुतली. टाकीवरचा तेलाचा पट्टा गेला. हँडलच्या मुठींचा वास जाईना. त्या मूळ जपानी मुठी होत्या, तशा रबराच्या आता कुठेच मिळत नाहीत, आणि मासळीचं पाणी इतकी वर्षं झेलूनही त्या शाबूत होत्या. मी स्वतः टूथब्रशने त्यांच्या रेघा रेघा साफ केल्या होत्या. त्या सुगंधी तेलाचा वास मात्र रबरात जिरून बसला. दोन वेळा धुऊन पाहिलं. मग ब्लेडने कापून काढल्या आणि बाजारात मिळतात त्या साध्या बसवल्या. भाऊ म्हणाला, वेडा आहेस. असेन.

गाडी आता माझ्या नावावर आहे. मी ती चालवतो, कामावरही नेतो. परवा डबा खाताना फिटर म्हणाला, "साहेब, तो म्हातारा बेटेगावात सांगत फिरतो. म्हनं, मीच साहेबांना गाडी बक्षीस दिली. आनि म्हनं, गाडी बघून काकी ढसाढसा रडली, पदर तोंडाला लावून." त्याने घास हातात तसाच धरला. "खरंच रडली का?"

"पदर लावला होता," मी म्हटलं. "नाकाला."

आणि काय झालं ते सगळं सांगितलं. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. शेजारच्या टेबलावरचे हिंदीत विचारायला लागले, क्या हुआ, क्या हुआ. मी माझ्या डब्याकडे पाहिलं. आवडीची भाजी होती. पण त्या पिंकेचा ओलावा ओठाच्या कोपऱ्याशी पुन्हा जाणवला आणि मी डबा बंद करून हात धुवायला उठलो.